लाखीचा श्वास

पडद्यावर मरण्यात फिनले मॅकफेलचा हात धरणारा कुणी नव्हता. वीस-बावीस सिनेमांत त्याने कामं केली आणि त्यातल्या चौदांत तो मेला. कधी वाळवंटात जर्मनांची गोळी लागून, कधी बुडत्या जहाजाच्या इंजिनखोलीत, एकदा तर नुसता कड्यावरून पाय घसरून. त्याची आई एफी ग्रीनॉकच्या थिएटरात जाऊन प्रत्येक सिनेमा न चुकता बघायची आणि तो घरी आला की तोंडावर सांगायची, "फिन, या खेपेला माझं आइस्क्रीमसुद्धा संपलं नव्हतं रे. एवढी कसली घाई असते तुला मरायची?"

थोरला भाऊ लाखलन शेगडीपाशी पाय पसरून बसलेला असायचा. त्याला सगळे लाखीच म्हणत. तो म्हणायचा, "आई, त्याला बोल लावू नकोस. लंडनवाल्यांना स्कॉटिश माणूस लागतो तो दोनच कामांना, शिव्या द्यायला आणि मरायला. शिव्या सेन्सॉर कापतो. मग उरलं काय?"

आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता लाखीला खोकला यायचा. तो खोकला तेव्हा कुणी मनावर घेतला नाही. जहाजबांधणीच्या यार्डातला कुठला माणूस खोकत नव्हता?

मॅकफेलांचं घर चढावरच्या एका काळ्या दगडी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, आणि खिडकीतून खाली क्लाइड नदी आणि यार्डातल्या क्रेन. एकेचाळीसच्या मे महिन्यात जर्मन विमानांनी ग्रीनॉक भाजून काढलं, त्यात साखर कारखान्यात पाळीवर असलेला बाप गेला. फिनले तेव्हा दहा वर्षांचा होता आणि लाखी चौदाचा. बापाला पुरल्यावर आठवड्याच्या आत लाखी यार्डात लागला. पाच वर्षांनी त्यानेच मुकादमाला गळ घालून धाकट्यालाही आपल्या टोळीत घेतलं.

टोळीचं काम जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत असे. वाफेच्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचा लगदा थापायचा. पोतं फोडायचं, पांढरी भुकटी बादलीत ओतायची, पाणी घालून कोपरापर्यंत हात बुडवून कालवायची. यार्डात त्या लगद्याला माकडाची लीद म्हणत. सात जणांची टोळी त्या कोंदट खोलीत दिवसभर असे, आणि दिव्याच्या उजेडात भुकटी अशी तरंगे की समोरच्याचं तोंड दिसू नये. घरी जाताना दोघे भाऊ गिरणीत पडल्यासारखे पांढरे असत. बसचा कंडक्टर त्यांना इतर लोकांत बसू देत नसे, वरच्या मजल्यावर पिटाळी.

दुपारी भाकरतुकडा खाऊन झाला की टोळीतली पोरं लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारत, आणि मग फिनलेला खोक्यावर उभं करत. तो मुकादमाची नक्कल करी, पाद्रीबुवांची करी, रेडिओवर अडखळत बोलणाऱ्या राजाची करी. मुकादमाच्या नकलेला एकदा मुकादमच मागे उभा होता. तोही हसला, आणि मग अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.

"तुझं तोंड इथं नळ्यांवर वाया चाललंय," लाखी त्या दिवशी घरी जाताना म्हणाला. "चर्चच्या नाटकमंडळीत जा. तिथं निदान कापायला मजुरी तरी नाही."

चर्चच्या हॉलमधल्या नाटकावरून एका मास्तरांनी त्याला हेरलं, आणि एकोणपन्नास साली ग्लासगोच्या नाट्यविद्यालयात त्याला शिष्यवृत्ती मिळाली. एफीने डोक्याला हात लावला. नाटकात जातात ती माणसं थंडीत उपाशी मरतात, असं तिचं ठाम मत होतं. लाखी तिला म्हणाला, "आई, एकाने जरी स्वच्छ कपड्यांत काम केलं तरी तुझं धुणं निम्मं होईल. बाकीचं मी बघतो." त्याने बघितलंही. तीन वर्षं त्याने जादा पाळ्या केल्या, त्याच खोलीत, त्याच बादल्यांपाशी. धाकट्याला एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही.

विद्यालयात फिनलेची बोली खरवडून काढली. सहा महिन्यांनी तो घरी आला आणि त्याने चहा मागितला, तेव्हा एफी लाखीला म्हणाली, "हे साहेब कोण आलेत बघ रे. यांना खुर्ची दे."

पुढची वीसेक वर्षं पर्थ, डंडी, स्कॉटलंडातले गावोगावचे हॉल, मग लंडन अशी गेली. रंगमंचावर तो चांगला नट होता, जाणकार त्याचं नाव आदराने घेत. पण सिनेमात तो फक्त मरत राहिला. पर्थला एका नटीशी त्याने लग्न केलं. दोन वर्षांत दोघे दोन गावांच्या दौऱ्यांवर गेले ते पुन्हा एका घरात आलेच नाहीत. लाखीने साखर कारखान्यातल्या आयझाशी संसार मांडला, त्याची एक मुलगी मोठी होऊन कॅनडाला गेली. एफी वारली. फिनले लंडनहून वर्षातून दोनदा भावाकडे यायचा. आयझा त्याच्यापुढे जवाचं सूप ठेवायची आणि म्हणायची, "खा, मढ्या. पुढच्या सिनेमात कितव्या मिनिटाला जाणार आहेस?"

पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत आयझाचा फोन आला. "ये," एवढंच ती म्हणाली.

लाखी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सत्तरीचा दिसत होता. डॉक्टरांनी दोन वर्षं त्याला खोकल्याची बाटली पाजली होती. मग एकदाची क्ष-किरणाची तसबीर काढली, आणि फुप्फुसाच्या आवरणाला कर्करोग झालाय, तो ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होतो आणि त्यावर इलाज नाही, हे तीन वाक्यांत सांगून टाकलं. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेल्या पलंगावर, तीन उशांना टेकून, तो बसल्या बसल्या झोपत होता. आडवं झालं की गुदमरायचा.

फिनले नऊ दिवस त्याच्या उशाशी होता. त्या नऊ दिवसांत त्याने एक गोष्ट केली, ती तो पुढे कुणाला सांगू शकला नाही. त्याने लाखीचा श्वास पाठ केला.

तीन आखूड श्वास. मग बारीकशी शीळ, केटली उकळायच्या आधी घालते तशी. मग काहीच नाही. त्या थांबण्यात लाखी दाराकडे बघायचा, कुणी आत येणार असल्यासारखा. आणि मग खांदे वर उचलून पुन्हा तीन. फिनलेने हे ठरवून केलं नव्हतं. वीस वर्षं तो माणसांकडे तसंच बघत आला होता: चांभार टाच कशी झिजलीय ते बघतो, तसं. तिसऱ्या दिवशी त्याने न्हाणीचं दार लावून घेतलं आणि आरशासमोर तो श्वास करून बघितला. पहिल्या खेपेलाच जमला. त्याला स्वतःची शिसारी आली. मग, शीळ नीट लागली नव्हती म्हणून, त्याने तो पुन्हा केला.

"काय करतोयस?" पाचव्या दिवशी आयझाने विचारलं. ती नवऱ्याचं तोंड पुसत होती.

"काही नाही. बसलोय."

"तुझी छाती त्याच्यासारखी हलतेय."

"त्याला बघून माझाही श्वास अडकतो गं."

हे अर्धंच खरं होतं. आयझाने त्याच्याकडे क्षणभर रोखून बघितलं आणि फडकं पिळलं.

आठव्या दिवशी लाखी शुद्धीवर होता. एकेक शब्द तोडून तो म्हणाला, "फिन, बॉयलरखोलीत... किती जण होतो रे आपण?"

"सात."

"आता?"

फिनलेने मनात नावं घेतली. हॅमिश गेला, दोघे रामसे भाऊ गेले, म्हातारा गिलख्रिस्त केव्हाच, टॅम मागच्या साली. "तू आणि मी."

लाखीच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "म्हणजे... तू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

पुरून आल्यावर आयझाने नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी कामगार संघटनेच्या वकिलाला घरी बोलावलं. बॅनरमन नावाचा सरळ माणूस होता. त्याने अडचण उघड सांगितली. यार्डवाले म्हणत होते की लाखलन मॅकफेल आमच्याकडे साधा हेल्पर होता, ॲस्बेस्टॉसचं काम त्याने कधी केलंच नाही. जुन्या हजेरीच्या वह्या आगीत गेल्या, असंही त्यांचं म्हणणं होतं. त्याच्या शेजारी उभं राहून ती भुकटी कालवली असं शपथेवर सांगणारा जिवंत माणूस हवा होता.

"आहे की," आयझाने फिनलेकडे हात केला.

"सांगेन ना," फिनले म्हणाला. "केव्हाही बोलवा." आणि तेव्हा तो खरंच बोलत होता.

तीन आठवड्यांनी लंडनला त्याला पेलम नावाच्या दिग्दर्शकाने बोलावलं. लॅनार्कशरच्या एका खाणकामगारावर तो सिनेमा काढत होता. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं गेलेला म्हातारा, त्याचा शेवटचा हिवाळा. सबंध सिनेमा त्या एका माणसावर. फिनले चव्वेचाळीस वर्षांचा होता, आणि मध्यंतरापलीकडे जगायची संधी त्याला पडद्यावर कुणी दिली नव्हती. पेलम म्हणाला, "काहीतरी करून दाखवा." फिनले खुर्चीत बसला, खांदे उचलले, आणि तीन आखूड श्वास घेतले. शीळ आली. मग तो थांबला आणि दाराकडे बघितलं.

खोलीतली टंकलेखिका घाबरून उठली. पेलमने तिथल्या तिथे हात पुढे केला.

चार दिवसांनी विमा कंपनीच्या डॉक्टरसमोर त्याला एक फॉर्म भरायचा होता. मुख्य नट आजारी पडला तर सगळा सिनेमा बुडतो, म्हणून विम्याशिवाय चित्रीकरण होत नाही. अकरावा प्रश्न होता: पूर्वी कधी खाणीत, गिरणीत, ॲस्बेस्टॉसच्या कामात होता काय? निर्मात्याचा माणूस शेजारीच बसला होता. तो सहज म्हणाला, "तिथं 'हो' लिहिलंत तर हे लोक तुम्हाला हात लावणार नाहीत. मागं एकाला असंच काढावं लागलं."

फिनलेने 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.

आता साक्ष दिली तर ती सही खोटी ठरत होती. त्याने आयझाला पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले, पाचवा पाठवला. फार जुनी गोष्ट आहे, मला तपशील नीट आठवत नाहीत, माझ्या अर्धवट साक्षीने नुकसानच होईल, वकिलांनी दुसरा कुणी शोधावा. आयझाचं उत्तर एका ओळीचं होतं. *दुसरे सगळे लाखीपाशी गेलेत.* त्याने ते वाचलं आणि तो चित्रीकरणाला गेला. बॅनरमनने दोनदा फोन केला. फिनले फोनवर आलाच नाही.

सिनेमा गाजला. शेवटची वीस मिनिटं तो म्हातारा खिडकीपाशी मरत होता आणि थिएटरात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. लंडनमध्ये मोठं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की असं मरण पडद्यावर आजवर कुणी दाखवलं नाही. एकाने मुलाखतीत विचारलं, हे तुम्ही आणलंत कुठून? फिनले म्हणाला, "निरीक्षण."

शहात्तरच्या ऑक्टोबरात तो सिनेमा ग्रीनॉकला लागला. आपल्या गावचा पोरगा म्हणून सगळा गाव लोटला. आयझाला जायचं नव्हतं, पण शेजारच्या नेली हॉल्डेनने तिला ओढून नेलं. खिडकीचा प्रसंग सुरू झाला तशी आयझा खुर्चीचे हात धरून बसली. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने तीन श्वास घेतले, शीळ घातली आणि दाराकडे बघितलं. आयझा उभी राहिली. मागचे लोक "बसा, बसा" म्हणू लागले. ती रांगेतून पाय तुडवत बाहेर पडली आणि थिएटरच्या पायरीवर ओकली.

त्या शनिवारी ती आगगाडीने ग्लासगोला गेली. फिनलेचं तिथं नाटक चालू होतं. दुपारचा प्रयोग संपल्यावर तो मागच्या दाराने बाहेर आला, तिथं सह्या घ्यायला पंचवीस-तीस माणसं उभी होती. आयझा त्यांच्यात होती, काळा कोट घालून.

"आयझा! अगं, कळवायचंस तरी. चल, आत चल, चहा..."

"चहा प्यायला नाही आले. तुझा सिनेमा बघितला."

त्याचं तोंड उतरलं. सह्या घेणारी माणसं कौतुकाने दोघांकडे बघत होती.

"आयझा, इथं नको."

"का? मागच्या वेळी न्हाणीत बसून केलंस, आता चारचौघांत लाज वाटते? मला आवाज येत नव्हता असं वाटलं तुला? भिंत लाकडी आहे आमची. मला वाटलं, भावासाठी रडतोय. मी दारापाशी उभी राहून तुझी कीव केली रे, फिन."

"मी त्याच्यावर प्रेम केलं, म्हणूनच ते..."

"गप. एक सांग. कोर्टात सांगायला तुला काही आठवत नव्हतं ना? मग हे कसं आठवलं? शीळसुद्धा चुकली नाही. तो थांबायचा तेसुद्धा चुकलं नाही. जिथं त्याचा श्वास कामाला आला असता तिथं दिला नाहीस, आणि तिकिटावर विकलास." तिचा आवाज चढला नव्हता. "तो दाराकडे का बघायचा, ठाऊक आहे? मी दुकानातून परत यायची वाट बघायचा. ते माझं होतं. ते तू चार गावच्या लोकांना दाखवलंस."

ती वळून स्टेशनकडे चालू लागली. एका बाईने फिनलेपुढे वही धरली. त्याने सही केली. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

पुढची पाच वर्षं त्याच्याकडे कामांची रीघ होती, आणि सगळी आजारी माणसांची. टेलिव्हिजनवर क्षयाने मरणारा मास्तर, रंगमंचावर हृदय थकलेला सरदार. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, या खेपेला वेगळं काही करू. आणि प्रत्येक वेळी दिग्दर्शक म्हणायचा, "ते खिडकीतलं होतं ना, तसंच द्या." त्याने ते आणखी दोनदा दिलं. दारू वाढली. ग्रीनॉकला तो गेला नाही. आयझाचा खटला साक्षीदाराविना एडिंबराच्या कोर्टात धूळ खात पडला.

एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात एडिंबराच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकातल्या लांब भाषणाच्या मध्यावर, त्याला श्वास पुरेना. वाक्य अर्धं तुटलं. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटलं. तो टेबलाला धरून उभा राहिला, आणि त्याच्या कानांवर स्वतःच्याच छातीतून एक बारीक शीळ आली. ती त्याने घातली नव्हती. प्रेक्षागृह स्तब्ध झालं. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. पडदा पाडा, अशी खूण तो हाताने करत होता. लोकांना वाटलं, तेही नाटकातलंच.

डॉक्टर तरुण होता. त्याने तसबीर उजेडावर धरली आणि विचारलं, "मिस्टर मॅकफेल, तुम्ही कधी ॲस्बेस्टॉसच्या कामात होता का?"

"हो," फिनले म्हणाला. "तीन वर्षं. पंधराव्या वर्षापासून." साडेसहा वर्षांनी त्याने ते कुणाला तरी सांगितलं होतं. डॉक्टरने आठ महिने सांगितले, आणि ते जरा सढळ हातानेच सांगितले.

जानेवारीत तो आयझाच्या दारी गेला. तीन मजले चढायला त्याला पंधरा मिनिटं लागली. दार उघडायच्या आधीच आयझाने जिन्यातून तो श्वास ऐकला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"हे जर तू करत असशील ना फिन," ती म्हणाली, "तर जिन्यावरून ढकलून देईन."

त्याने मान हलवली. बोलायला श्वास जमवायला त्याला वेळ लागला. "करत नाहीये."

तिने त्याच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे निरखून बघितलं. "बस," ती शेवटी म्हणाली आणि बाजूला झाली.

त्याने फॉर्मची गोष्ट सांगितली, अकराव्या प्रश्नाची, सहीची. न्हाणीची तर तिला ठाऊकच होती. आयझाने मध्ये एकदाही बोलून त्याला सोडवलं नाही.

"आता आठवलं होय सगळं," तो थांबल्यावर ती म्हणाली.

"विसरलो कधीच नव्हतो. बॅनरमनला बोलाव. लवकर बोलाव."

"माफी मागायला आला असशील तर ती माझ्याकडे नाही. ती ज्याच्याकडे होती तो गेला."

"माहीत आहे."

"सूप आहे. पिशील?"

"पितो."

एडिंबरापर्यंत जाण्याची त्याची ताकद राहिली नाही, म्हणून मार्चमध्ये कोर्टाने साक्ष नोंदवायला माणूस ग्रीनॉकच्या इस्पितळात पाठवला. खोलीत कोर्टाचा अधिकारी, लघुलेखक, बॅनरमन, आणि यार्डवाल्यांचा वकील क्रायटन. खिडकीपाशी आयझा. फिनलेने दोन तास घेऊन वीस मिनिटांची हकीकत सांगितली. जहाजांची नावं, खोलीची लांबी-रुंदी, पोत्यांवरचा छाप, सात माणसं, कोण कुठल्या नळीवर. नक्कल करणाऱ्याची स्मरणशक्ती होती ती. मुकादम काय म्हणायचा तेही त्याने शब्दाला शब्द सांगितलं. मध्ये परिचारिका दोनदा प्राणवायूची नळी लावून गेली.

मग क्रायटन उठला. अतिशय सभ्य माणूस. "मिस्टर मॅकफेल, तुम्ही व्यवसायाने नट?"

"हो."

"आपण कधी ॲस्बेस्टॉसचं काम केलं नाही, असं पंच्याहत्तर साली तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत. तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

"काम हवं होतं."

"आणि आज काय हवंय?"

फिनलेने खिडकीकडे, आयझाकडे बघितलं.

"तुमचा तो सिनेमा मी बघितलाय," क्रायटन म्हणाला. "मी रडलो होतो. असाच पलंग, असाच श्वास. तुम्ही हे इतकं उत्तम करता, मिस्टर मॅकफेल, की ऐकणाऱ्याने खरं कुठलं मानावं?"

बॅनरमन हरकत घ्यायला उठला. फिनलेने हात वर करून त्याला थांबवलं. श्वास गोळा केला. "सिनेमात मी... माझ्या भावाचं करत होतो," तो म्हणाला. "आता कुणाचंच करत नाही. डॉक्टरला विचारा. नाहीतर... थोडं थांबा. मग उघडूनच बघा."

लघुलेखकाची पेन्सिल थांबली होती. अधिकारी त्याला म्हणाला, "लिहा." आयझा खिडकीबाहेर बघत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण संध्याकाळी सगळे गेल्यावर ती थांबली, आणि त्याच्या पाठीमागे तिसरी उशी लावून दिली.

त्यानंतर तो बारा दिवस जगला. आयझा रोज दुपारी यायची. दोघे फारसं बोलत नसत. एकदा त्याने विचारलं, "लाखी माझ्याबद्दल काही बोलला होता का? त्या शेवटच्या दिवशी?" आयझाने खोटं बोलून त्याला सुख दिलं नाही. "नाही रे," ती म्हणाली. "पाणी मागितलं फक्त." एका गुरुवारी ती इस्पितळाच्या जिन्यात असतानाच तो गेला. परिचारिकेने दारातच तिला अडवलं.

ॲस्बेस्टॉसने मेलेल्या माणसाचं प्रेत लगेच मिळत नाही. सरकारी तपासनिसाने ते ठेवून घेतलं, फुप्फुसं काढून ग्लासगोला पाठवली, आणि अंत्यसंस्कार सोळा दिवस खोळंबला. जवळचं माणूस म्हणून कागदांवर सह्या आयझानेच केल्या. तोवर लंडनच्या वर्तमानपत्रांनी लिहायचं ते लिहून टाकलं होतं. एकूण एक मृत्युलेखांत खिडकीच्या प्रसंगाचं कौतुक होतं. दफनाला पेलम आला नाही, त्याने फुलं पाठवली. यार्डातले काही म्हातारे आले आणि पावसात लांबच उभे राहिले.

ग्लासगोचा अहवाल जूनमध्ये आला. त्याच्या फुप्फुसांत ते तंतू सापडले. शिवाय आठ वर्षांपूर्वी मेलेल्या टॅमचा जुना अहवाल बॅनरमनने उकरून काढला, त्यातही तेच होते. एकाच टोळीतल्या दोघांची फुप्फुसं आणि त्यांतल्याच एकाची शपथेवरची साक्ष समोर आल्यावर यार्डवाल्यांनी खटला चालू दिला नाही. सप्टेंबरात कोर्टाबाहेर तडजोड झाली. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की कंपनी कुठलीही चूक मान्य करत नाही आणि ही बाब आता संपली आहे. लाखीचं नाव त्यात चुकीचं छापलं होतं.

आयझाने ते पत्र दोनदा वाचलं. दुखवट्याचा एक शब्द कुठेतरी असेल म्हणून तिने पाठकोरी बाजूही बघितली. मग चष्मा काढला, कोट चढवला आणि पत्र पिशवीत घालून ती शेजारच्या जिन्याने वर नेलीकडे गेली. यार्डातच उमर काढलेला नेलीचा नवरा महिनाभर आडवा झोपू शकत नव्हता, आणि डॉक्टर त्याला खोकल्याची बाटली देत होते.

"नेली," आयझा दारातूनच म्हणाली, "त्या बाटल्या फेकून दे आणि त्याला कपडे घाल. तसबीर काढून आणू. आणि तो कुणाशेजारी उभा राहून काम करायचा त्यांची नावं आजच लिहून घे, ती माणसं आहेत तोवर."